तुम्ही विचारलंत म्हणून : तेव्हा तो गप्प होता

जॉर्ज लुकासनं आपले ‘स्टार वॉर्स’ हे अंतराळातले सिनेमे पुढे पुन्हापुन्हा बदलले. त्या बदललेल्या आवृत्त्यांचा विषय निघाला आणि मी तावातावानं बोलायला लागलो, की समोरचा ठरलेला प्रश्न विचारतो. "अहो, ज्याचा सिनेमा त्यानं बदलला. त्यात तुमचं काय गेलं?" ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, भाच्याचे मित्र तर हमखास विचारतात. दरवेळी मी काहीतरी तुटक बोलून मोकळा होतो आणि घरी येऊन चिडचिड करतो. यावेळी नीट सांगतो.

तस्कर हान सोलो आणि त्याला पकडायला आलेला ग्रीडो यांचं प्रकरण आधीच बाजूला ठेवतो, कारण तुम्हाला वाटतं सगळं भांडण तेवढ्याचंच आहे. १९७७ च्या पहिल्या सिनेमात एका गुत्त्यात टेबलाखालून हान एकटाच गोळी झाडतो. १९९७ मध्ये ग्रीडो आधी झाडायला लागला आणि हातभर अंतरावरून त्याचा नेम चुकायला लागला. २००४ मध्ये दोघं जवळपास एकदमच झाडू लागले. २०१९ मध्ये ग्रीडोच्या तोंडी मरण्याआधी एक नवाच शब्द आला. हान मुळात आपमतलबी आहे, म्हणून शेवटी तो मित्रांसाठी परत येतो त्याला किंमत आहे. सुरुवातीलाच त्याला सज्जन केला की ती किंमत उतरते. हे मला पटतं, पण माझी झोप यामुळे उडालेली नाही.

सगळेच बदल मला नकोत असंही नाही. दुसऱ्या सिनेमातल्या ढगांवरच्या शहराच्या, क्लाउड सिटीच्या, कोंडलेल्या भिंतींना १९९७ मध्ये खिडक्या पडल्या, बाहेरचं आकाश आत आलं, ते मला आवडतं. तिसऱ्या, म्हणजे ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटी इवॉक या केसाळ बुटक्यांचं जुनं गाणं काढून जॉन विल्यम्सनी नवं संगीत दिलं, तेही मला जुन्यापेक्षा आवडतं. माझ्यासारख्या इतर चाहत्यांसमोर मी हे फारसं बोलत नाही, पण आवडतं.

माझं दुखणं त्याच ‘जेडाय’मधल्या काही सेकंदांचं आहे. दुष्ट सम्राट तरुण नायक ल्यूकला विजेच्या झटक्यांनी मारतोय, पोरगा जमिनीवर तळमळत बापाला हाक मारतोय, आणि तो बाप, सम्राटाचा काळा मुखवटा घातलेला सरदार व्हेडर, शेजारी उभा आहे. १९८३ च्या सिनेमात तो एक शब्द बोलत नाही. मुलाकडे बघतो, सम्राटाकडे बघतो, पुन्हा मुलाकडे. मुखवट्यावर भाव उमटायची सोयच नाही. फक्त मान वळते, विजेचा निळा उजेड त्या काळ्या चकाकीवर हलतो, आणि मग तो सम्राटाला उचलतो. २०११ च्या ब्लू-रेत याच जागी व्हेडरला बोलतं केलं. आधी हलक्या आवाजात ‘नो’ आणि मग एक लांबलचक ओरडा.

माझे वडील, अण्णा, गिरगावात एका छापखान्यात कंपोझिटर होते. जन्म छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवण्यात गेला. इंग्रजी अक्षरं उलटीसुलटी कशीही ओळखायचे, इंग्रजी मजकूर न चुकता जुळवायचे, पण भाषा येत नव्हती. मामानं मस्कतहून व्हीसीआर आणला तेव्हा त्याच्यासोबत आलेल्या कॅसेटींत ‘जेडाय’ होता. सगळी खोली भरली होती, शेजारची मुलं उंबऱ्यात बसली होती. मी माझ्या शाळकरी इंग्रजीच्या जोरावर अण्णांना मध्येमध्ये गोष्ट सांगत होतो. हा कोण, तो कोणाचा कोण, हे आता का भांडताहेत. त्या प्रसंगाला मी थांबलो, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. कुणी बोलतच नव्हतं. व्हेडरनं सम्राटाला उचलला तेव्हा अण्णा आईकडे वळून म्हणाले, "उचलला शेवटी. बापच तो." अख्ख्या सिनेमात माझ्या मदतीशिवाय त्यांना पूर्ण कळलेली ती एकच जागा. पुढे ती कॅसेट अनेकदा लागली आणि दरवेळी अण्णा हातातलं काम ठेवून तेवढ्यापुरते येऊन उभे राहायचे.

२०११ ची भाऊबीज ताईकडे ठाण्याला होती. ताईचे यजमान ऑफिसच्या कामाला सिंगापूरला गेले होते, तिथून त्यांनी नवा ब्लू-रे संच आणलेला. भिंतभर टीव्ही होता. त्या वर्षी अण्णांचं विसरणं आमच्या लक्षात यायला लागलं होतं. गॅस चालू राहायचा, तीच गोष्ट दोनदा सांगायचे. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले होते आणि ते मध्येच अडकले होते. घरात याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

जेवणं झाल्यावर भाच्यानं अण्णांसाठी म्हणून मुद्दाम ‘जेडाय’ लावला. तो प्रसंग आला. व्हेडर ओरडला.

"हा बोलला," अण्णा म्हणाले.

"कोण, आबा?"

"हा. बाप. आधी बोलला नव्हता. आधी गप्प होता."

भाचा हसला, प्रेमानंच. "आबा, पिक्चर तोच आहे. जुनाच." त्यानं रिमोटनं मागे नेऊन पुन्हा दाखवलं. व्हेडर पुन्हा ओरडला. ताईचे यजमान हळूच म्हणाले, "राहू दे रे, होतं असं या वयात." ताईनं माझ्याकडे बघितलं. ती का बघतेय ते मला कळत होतं.

मी म्हणालो, "अण्णांचं बरोबर आहे. हा आवाज नंतर घातलाय." चांगला मोठ्यानं म्हणालो. कुणी वाद घातला नाही, आणि तेच वाईट होतं. मुलगा बापाची बाजू सांभाळतोय, असंच सगळ्यांना वाटलं. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. पुरावा समोर भिंतभर चालू होता आणि तो माझ्या वडिलांच्या विरुद्ध होता.

परतताना लोकलमध्ये अण्णांनी विचारलं, "मग मला तसं का आठवतंय?" मी सगळं समजावलं. सिनेमा बदलतात, संगणकानं बदलतात, हा बदल तर याच वर्षीचा आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू माझ्यासाठी सांगतोयस," म्हणाले.

निवृत्तीनंतरही अण्णा लाल पेन्सिल घेऊन पेपर वाचायचे. छपाईची चूक दिसली की समासात प्रूफाची खूण करायचे, कुणाला पाठवायची नसली तरी. त्या दिवाळीनंतर पेन्सिल फारशी दिसली नाही. खूण करताना थांबायचे, मला विचारायचे, "हे असंच असतं का रे?" त्या एका संध्याकाळमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. आजार येतच होता, डॉक्टरही तेच सांगत होते. पण अण्णांना जे पक्कं आठवत होतं, जे खरं होतं, तेच त्यांच्या विसरण्याचं उदाहरण म्हणून घरात पुढे कितीतरी दिवस सांगितलं गेलं.

माळ्यावरून कॅसेट काढली तर फितीवर पांढरी बुरशी. मूळ आवृत्त्या २००६ मध्ये डीव्हीडीबरोबर जोडतबकड्या म्हणून निघाल्या होत्या, त्याही १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून घेतलेल्या. आजच्या टीव्हीवर चित्र मध्यभागी आणि चारी बाजूंनी काळं. एका मित्रानं ती तबकडी मिळवून दिली तोवर बराच काळ गेला होता. अण्णांनी तो प्रसंग पाहिला, चांगला आहे म्हणाले, आणि हा काळा माणूस कोण ते विचारलं.

आता मला तेव्हाच्या माझ्याशी भांडू द्या. १९९७ मध्ये मी या बदलांचा कट्टर समर्थक होतो. कवी कविता पुन्हा लिहितो, चित्रकार चित्रावर पुन्हा हात फिरवतो, मग लुकासनं का नाही? हा मुद्दा आजही मला पूर्ण खोडता येत नाही. पण ‘ज्याचा सिनेमा’ म्हणताना तो कोणाचा, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. ‘जेडाय’चे दिग्दर्शक रिचर्ड मार्क्वांड होते, ते १९८७ मध्येच वारले. मुखवटा निघाल्यावर दिसणारा बाप सेबास्टियन शॉ यांनी केला. ते १९९४ मध्ये गेले. २००४ मध्ये शेवटच्या प्रसंगातल्या आत्म्यांतून त्यांना काढून तिथे नंतरच्या सिनेमांत तरुण व्हेडर केलेला हेडन क्रिस्टेन्सन उभा केला, आणि मरणाच्या प्रसंगातल्या त्यांच्या चेहऱ्यावरच्या भुवयाही पुसल्या. या दोघांना विचारणं शक्यच नव्हतं. पहिल्या सिनेमाला १९७८ मध्ये संकलनाचं आणि दृश्य-परिणामांचं ऑस्कर मिळालं. पॉल हर्श, मार्शा लुकास, रिचर्ड च्यू यांनी जे जोडलं, जॉन डायक्स्ट्रा आणि मंडळींनी छोट्या प्रतिकृती आणि कॅमेरे घेऊन जे उभं केलं, ते जसंच्या तसं बघायची सोय लोकांसाठी इतकी वर्षं का नसावी?

आणि हे लुकासना कळत नव्हतं असंही नाही. १९८८ मध्ये जुने कृष्णधवल सिनेमे रंगवण्याविरुद्ध त्यांनी अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष दिली होती. कलाकृती आणि वारसा यांत नफ्यासाठी किंवा सत्तेच्या जोरावर फेरफार करणाऱ्यांना ते तिथे रानटी म्हणाले. ती साक्ष मी अनेकदा वाचली आहे आणि दरवेळी मला त्यांचं पटतं. २००४ मध्ये तेच म्हणाले की जुनी आवृत्ती आपल्या लेखी आता अस्तित्वातच नाही, कुणाला हवीच असेल तर ती व्हीएचएसवर आहे. आमची व्हीएचएस काय अवस्थेत होती ते वर सांगितलंच.

अण्णांच्या छापखान्यात पुस्तक सुधारून पुन्हा निघालं की आतल्या पानावर छापायचे : सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती, आणि साल. पहिली आवृत्ती ग्रंथालयात असायची. ज्याला ताडून बघायचं त्यानं बघावं. लेखकाचा हक्क कुणी नाकारत नव्हतं. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये असं बजावून ठेवलं. तिथे ओव्या घालणारे परके होते, इथे घालणारा स्वतः कर्ता, हा फरक मला ठाऊक आहे आणि तो लहान नाही. पण प्रती ताडायला तरी हव्यात ना? १९९७ मध्ये मूळ निगेटिव्हच्याच रिळांत नवे तुकडे बसवले गेले. म्हणून काही चाहत्यांनी चित्रपटगृहांच्या जुन्या ३५ मिलिमीटर प्रती मिळवल्या, त्या स्कॅन केल्या, धूळ आणि ओरखडे काढत वर्षं घालवली आणि ‘४के७७’ नावानं १९७७ चा मूळ सिनेमा पुन्हा तयार केला. कायद्यानं त्यांना तो हक्क नाही. तरी त्या अनोळखी माणसांबद्दल मला जी कृतज्ञता वाटते ती मला लपवायची नाही. याच चाहत्यांतले काही लुकासबद्दल जे गलिच्छ लिहितात त्याची मात्र मला लाज वाटते. त्या माणसानं मला बालपणीचा सगळ्यात मोठा आनंद दिलाय.

एवढं ठाम बोलून मी अडतो ते ‘शोले’पाशी. २०२५ च्या जूनमध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं ‘स्टार वॉर्स’ची १९७७ ची न बदललेली मूळ प्रत पडद्यावर दाखवली, आणि त्याच महिन्यात इटलीत बोलोन्यात ‘शोले’ मूळ शेवटासह दाखवला गेला. आणीबाणीत सेन्सॉरनं बदलायला लावलेला शेवट गेला, ठाकूर गब्बरला मारतो तो परत आला. दोन्ही बातम्यांनी मला सारखाच आनंद झाला. पण या देशात लोकांनी पन्नास वर्षं पोलीस येतात तो ‘शोले’ पाहिला. कुणाचे तरी वडील तोच शेवट बघून काहीतरी म्हणाले असतील. तिथे मी दिग्दर्शकाच्या बाजूनं आणि इथे प्रेक्षकाच्या, हे कसं? एक बदल बाहेरून लादलेला होता आणि दुसरा स्वतःहून केलेला, एवढं उत्तर मी देतो. ते पुरत नाही, हे मला देतानाच कळतं.

आणि भाचा. तो आता मोठा झालाय, सगळं त्याला ठाऊक आहे, मूळ प्रसंग मी त्याला दाखवलाय. त्या दिवाळीबद्दल तो स्वतःहून माझ्याशी बोलला. पण मागच्या महिन्यात मला म्हणाला, "मामा, तुझा व्हेडर मला कोरडा वाटतो. मला त्या ओरडण्यानंच रडू येतं, लहानपणापासून. उद्या जुनी आवृत्तीच खरी ठरवून त्यांनी माझी बंद केली, तर मी कुणाकडे मागायची?"

मी त्याला म्हणालो, दोन्ही राहू देत, प्रत्येकीवर साल छापू देत. तो म्हणाला, "आणि टीव्हीवर कुठली लावायची?" यावर आमचं अजून भांडण चालू आहे.