तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी पोर्शे परवडते का?

"काका, परवडते का हो ती?" बडोद्यात दांडिया बाजारात गाडी लावून उतरलो की कोणी ना कोणी हे विचारतंच. पाठोपाठ दुसरा प्रश्न: "त्रास देते का?" माझ्याकडे 2010 ची पोर्शे बॉक्स्टर आहे, दोन सीटची स्पोर्ट्स कार, 2021 मध्ये सेकंडहँड घेतलेली. रस्त्यात उभ्या उभ्या उत्तर दिलं की ऐकणाऱ्याला एक तर मी घाबरवतोय असं वाटतं, नाही तर भरीस घालतोय असं. म्हणून एकदा नीट लिहितो.

त्रासाचं आधी सांगतो. इंजिनाने आजवर एकदाही दगा दिलेला नाही, पण कुठलं इंजिन घ्यायचं ते ठरवूनच मी गाडी शोधत होतो. 2008 पर्यंतच्या बॉक्स्टरमध्ये इंटरमीडिएट शाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्वच्या यंत्रणेकडे गती पोहोचवणाऱ्या दांड्याच्या, टोकाला एक बेअरिंग असतं. ते फुटलं की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टनचा ताळमेळ, चुकतं, व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि सबंध इंजिन जातं. प्रत्येक गाडीचं जातंच असं नाही, पण ज्याचं जातं त्याला दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. 2009 च्या मॉडेलपासून नवं इंजिन आलं, त्यात तो शाफ्टच नाही. त्याआधीची कोणी स्वस्तात देत असेल तर बेअरिंग बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर चहा पिऊन परत या.

मी तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होतो. रोज चालणारा पंप सहसा साथ देतो, स्टँडबाय म्हणून उभा असलेला ऐन वेळी गळतो. सील कोरडं पडलेलं असतं. गाडीचंही तेच आहे. "फक्त 18,000 किलोमीटर" वाचून लोक हुरळून जातात, मी तिथे सावध होतो. माझी गाडी बघायला गेलो तेव्हा टायरची नक्षी नव्यासारखी दिसत होती. गुडघे टेकून कडेवरचे चार आकडे वाचले: 4609. म्हणजे 2009 सालचा 46वा आठवडा; गाडीबरोबर आलेलेच टायर, तेही जवळपास बारा वर्षांचे. नख रुतेना, खोबणीत केसाएवढ्या भेगा. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे पुढचे मागे लावून आयुष्य वाढवायची सोयही नाही. पहिल्याच महिन्यात 1,10,000 रुपये टायरांना गेले.

त्याआधी एक गाडी मी सोडून दिली होती, तेही सांगायला हवं. मीटरवर 22,000 किलोमीटर होते. कंपनीचं डायग्नोस्टिक (तपासणीचं यंत्र) लावल्यावर कॉम्प्युटरने इंजिन चालल्याचे तास दाखवले, दोन हजारांच्या वर. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी अकरा किलोमीटरही भरेना. आतले लेदर सुंदर होते, रंग आरशासारखा होता, आणि मीटर मागे फिरवलेला असणार अशी माझी खात्री झाली. घेण्याआधी या तपासणीला जे काही हजार रुपये पडतात त्यांत कंजुषी करू नका, हात जोडून सांगतो.

आता खर्च. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे आहे आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. मागची डिकी उघडली की ऑइलचं आणि कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) झाकण दिसतं, बस. रेडिएटर मात्र पुढे, बंपरच्या आत दोन्ही बाजूंना. बंपरच्या जाळीतून वारा जातो आणि त्याच वाटेने पालाही जातो. आपल्या बडोद्याच्या नावातच वड. माझ्या घरासमोर वड आहे आणि कडुनिंबही. दुसऱ्या उन्हाळ्यात अहमदाबाद एक्सप्रेसवेवर कूलंटचा गोडसर वास आला, तापमानाचा काटा चढायला लागला. मी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, म्हणून ते वाचलं. गाडी ट्रकवर चढवून मकरपुऱ्यात आणली. मेकॅनिकने बंपर उतरवला आणि ओंजळभर काळा, ओला लगदा माझ्यापुढे धरला. "जुओ काका, खातर थई गयुं." खरंच खत झालं होतं, एका पानाची शीर तेवढी ओळखू येत होती. मागे रेडिएटरच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, बोट लावलं की भुगा. दोन्ही रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर मिळून 1,40,000. आता पावसाळ्याआधी आणि नंतर बंपर काढून साफ करून घेतो. त्याला दीड हजार लागतात.

वहीत सगळं लिहिलेलं आहे. वॉटर पंप आणि होज, ब्रेकच्या डिस्क आणि पॅड, इंजिन माउंट, बॅटरी, दरवर्षीचं ऑइल: पाच वर्षांत एकूण 8,20,000, विमा आणि पेट्रोल सोडून. यातलं बहुतेक रबर, प्लास्टिक आणि वयाचं बिल आहे, चालवण्याचं नाही. गाडीचा भाव वर्षागणिक उतरतो, पार्टचा उतरत नाही. तो नव्या पोर्शेच्या हिशेबाने लागतो. 2025 मध्ये 15 वर्षं भरली तेव्हा रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाचा खर्च आला, आणि आयात केलेल्या चारचाकीला ती फीच 40,000 आहे.

बडोद्यात गाडी घेणार असाल तर ऑगस्ट 2024 विसरू नका. विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांमध्ये शिरलं होतं, आणि त्या पाण्यातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठे ना कुठे विकल्या जाणारच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीचा डाग राहतो. सीटखालचे रूळ टॉर्च लावून बघा, गंज तिथे दिसतो.

एवढं होऊनही मी ती विकलेली नाही. पहाटे हालोलच्या रस्त्याला लागलो, समोर पावागड उजळत असतो आणि पाठीमागे ते सहा सिलिंडर मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे सूर धरतात. त्या आवाजासाठी मी वर्षभर बाजूला पैसे टाकतो, आणि आनंदाने टाकतो.

मागच्या आठवड्यात आमच्या शेजारचा मुलगा आला. जवळ वीस लाख आणि पसंत केलेली गाडीही वीसचीच. त्याला म्हटलं, पंधराची शोध, पाच एफडीत ठेव. त्याला पटलं असावं, कारण रविवारी आम्ही दुसरी बघायला चाललोय. विकणाऱ्याला फोन करून सांगितलंय, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. मला थंड इंजिनाचा पहिला आवाज ऐकायचा आहे.