सात बाटल्यांचं कोडं

आपल्या शाळेच्या ग्रंथालयातली ‘हॅरी पॉटर आणि परीस’ची प्रत टेबलावर ठेवली की सोळाव्या प्रकरणाशी आपोआप उघडायची. त्या प्रकरणात सात बाटल्यांचं कोडं आहे आणि ते वहीत उतरवून घेताना मुलं पुस्तक दाबून सपाट करत. अशा पुस्तकांच्या पाठीला शिवण नसते, नुसता गोंद असतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो वाळून कडक होतो, आणि मग दाब पडला की तडकतो. ग्रंथालयाचे सर पाठीपासून अर्धा सेंटिमीटर आत, दर तीन सेंटिमीटरला भोक पाडून मेण लावलेल्या दोऱ्यानं ती शिवत. शिवण याहून आत गेली तर ओळींची सुरुवात तिच्यात गडप होते. वरून खळ लावून कापडाची पट्टी, आणि रात्रभर वजनाखाली. खळ पुरती वाळायच्या आत पुस्तक कपाटात गेलं की झुरळं आलीच.

जादूच्या कादंबरीवर जीव जडला की मूल हिशेबाला लागतं. पाचव्या प्रकरणात हॅरीचा दोस्त हॅग्रिड जादूगारांची नाणी समजावून सांगतो, 29 नट म्हणजे एक सिकल, 17 सिकल म्हणजे एक गॅलियन. झाले 493 नट. घुबडानं आणलेल्या पेपरला 5 नट पडतात. म्हणजे एका गॅलियनमध्ये 98 पेपर येतात, वर 3 नट उरतात. हॅरीची छडी 7 गॅलियनची, म्हणजे 3451 नट. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या आकडेमोडीचं मुळीच नवल वाटत नसे. निजामाच्या राज्यात त्यांनी निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार असे दोन्ही रुपये हाताळलेले. सात हाली द्या, सहा कलदार घ्या, हा हिशेब त्यांच्या तोंडात असायचा.

कोड्याकडे वळू, कारण खरी गंमत तिथं आहे. ओळीत सात बाटल्या. तिघींत विष, दोघींत साधी नेटल वाइन, एक आगीतून पुढं नेणारी, एक आगीतून मागं परत नेणारी. खुणा चार. वाइनच्या लगेच डावीकडे नेहमी विष असतं. दोन टोकांच्या बाटल्यांत वेगवेगळे द्रव आहेत, पण दोन्हींपैकी एकही पुढं नेत नाही. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठी, या दोघींत विष नाही. डावीकडून दुसरी आणि उजवीकडून दुसरी, दोन्हींत एकच द्रव.

हॅरीची मैत्रीण हर्मायनी उत्तर सांगते: सगळ्यांत लहान बाटली पुढं नेते, उजव्या टोकाची मागं. मात्र कोणती बाटली केवढी, हे पुस्तकात दिलेलंच नाही. तिचं उत्तर धरून उलटं गेलं की डावीकडून पहिलीत विष, दुसरीत वाइन, पाचवीत विष, सहावीत वाइन, सातवी मागं नेणारी, इथपर्यंत पक्कं होतं. तिसरी आणि चौथी यांत एक विष आणि एक पुढं नेणारी. कुठली कोणती, हे नुसतं वाचून कुणालाही ठरवता येणार नाही. तिथं अडलेल्या मुलाचं डोकं कमी नसतं, माहितीच अपुरी असते. हे त्याला सांगायलाच हवं, नाहीतर ते उगीच हिरमुसतं.

शाळेच्या महोत्सवाच्या प्रदर्शनात हे कोडं मांडायचं असेल तर बाटल्या वाटेल तशा लावू नका. सगळ्यांत लहान तिसऱ्या जागी आणि सगळ्यांत मोठी दुसऱ्या किंवा सहाव्या जागी ठेवा. मोठीत विष नाही म्हटल्यावर तिच्या जोडीदारणीतही नाही. आणि दोन जागी एकसारखं असू शकणारं, विष सोडून, फक्त वाइनच आहे. तिथून सगळं भराभर सुटतं. मोठी सातव्या जागी ठेवली तर दुसऱ्या-सहाव्या जागी विषही चालतं, एकाहून जास्त उत्तरं बरोबर येतात आणि मुलं भांडत बसतात. टॉनिकच्या किंवा शाईच्या बाटल्या धुऊन रंगीत पाणी भरा. प्रयोगशाळेतल्या घेऊ नका, छोटी मुलं चव घेऊन बघतात. आणि दुसऱ्या तुकडीसाठी सगळ्यांत लहान बाटली चौथ्या जागी सरकवा. कोडं तितकंच नीट सुटतं, उत्तर बदलतं, म्हणजे पहिल्या तुकडीनं फोडलेलं उत्तर कामाला येत नाही.