वसुबारसेचं ओलं पार्सल

बडोद्यातल्या ग्रंथालयात सभासदांना दिवाळी अंक घरी वाचायला द्यायची योजना चालवायची, तर पंचांगाइतकंच लक्ष ट्रान्सपोर्टवाल्यांच्या सुट्ट्यांकडे ठेवावं लागतं. इथे दिवाळीला चोपडा पूजन, म्हणजे वहीपूजन, झालं की बाजार मिटतो, तो लाभ पाचमीला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, मुहूर्त करूनच उघडतो. मधल्या दिवसांत गोडाउनला कुलूप, हमाल गावाला, फोन उचलायलाही कोणी नाही. त्यामुळे पुण्याहून येणारे अंक वसुबारसेपर्यंत हातात पडले नाहीत, तर त्यांचा पहिला आठवडा वाया गेला असं धरायचं. आणि दिवाळी अंक हा ताज्या भाजीसारखा माल आहे. वाचकाची ओढ दिवाळीच्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते, नाताळपर्यंत बरी टिकते, संक्रांतीनंतर उतरते. फेब्रुवारीत तोच अंक टेबलावर मांडला तर माणसं चाळतात आणि ठेवून देतात.

म्हणून आमच्या ग्रंथालयात शरदातलं सगळं काम या एका हिशोबाभोवती फिरतं. गणपती विसर्जनानंतर नावनोंदणी सुरू होते. गेल्या वर्षी कोणता अंक किती हातांतून गेला, ते अंकाला लावलेल्या कार्डावरच्या तारखांवरून मोजायचं आणि त्यावरून मागणी ठरवायची. साठेक शीर्षकं, त्यातल्या आठ-दहांच्या दोन-दोन प्रती. नवरात्रात संध्याकाळी सातनंतर शहर गरब्याच्या मैदानांकडे वळतं, म्हणून ते नऊ दिवस देवघेव दुपारी तीन ते सहा. दसऱ्याला मुलांचं पाटीपूजन होतं. पावसाळ्याचा दमट वास काढायला कपाटं उघडून, कसर लागलेली पुस्तकं वेगळी करून झालेली असतात. मग धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी अंकांचं वाटप सुरू होतं.

पार्सल ओलं आलं त्या वर्षी मात्र पाऊस मागे हटलाच नव्हता. ऐन वसुबारसेच्या आदल्या रात्री तो धो धो कोसळला, आणि सकाळी आठला गोल्डन चोकडीवरून रिक्षाने जे दोन गठ्ठे आले त्यातल्या एकाच्या तळातून पाणी ठिबकत होतं. गोणपाटाच्या आत प्लास्टिक नव्हतं. गाडीच्या डिकीत तो गठ्ठा रात्रभर पाण्यात उभा असणार, कारण अंकांचा खालचा दोन-तीन बोटांचा भाग भिजला होता आणि अगदी तळाचे पाच अंक पूर्ण चिंब होते. संध्याकाळी साडेपाचला वाटप. ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात फोन केला तर उत्तर आलं, “बेन, हवे तो लाभ पाचम पछी ज.” म्हणजे आता जे काही ते लाभ पाचमीनंतरच.

भिजलेल्या अंकांना भिजलेल्या कादंबरीपेक्षा जास्त घाई असते, हे पुष्कळांना माहीत नसतं. कादंबरी साध्या मॅपलिथो कागदावर असते. तो कागद ओला झाला की फुगतो, वाळला की सुरकुततो, पण पानं सुटी राहतात. दिवाळी अंकात मजकूर साध्या कागदावर असला तरी मुखपृष्ठ, जाहिरातींची पानं आणि चित्रांची पुरवणी आर्ट पेपरवर असते. आर्ट पेपरची चकाकी म्हणजे चिनी माती किंवा खडूच्या भुकटीचा, खळ घालून बसवलेला थर. पाण्याने ही खळ सैल होते, आणि समोरासमोरची दोन पानं तशीच वाळली तर दोन्ही थर एकमेकांत बसून पानांची वडी होते. मग सुरीनेही ती सुटत नाही, छपाईच निघून येते. ओली असेपर्यंत तीच पानं हलक्या हाताने सरकवून वेगळी करता येतात. म्हणजे हातात काही तासच असतात. बुरशी त्यानंतर येते. उबदार, दमट हवेत दोन दिवसांत ती दिसायला लागते.

म्हणून पहिली सूचना दिली ती कोणीही अंक उघडून बघायचा नाही ही. ओला अंक मधून धरून उचलला की पाठ फाटते. गठ्ठा उभा होता तसाच न ठेवता आडवा केला, सुतळी कापली, आणि प्रत्येक अंकाखाली पुठ्ठा सरकवून तो पुठ्ठ्यासकट उचलला. तीन रांगा लावल्या. कोरडे अंक लगेच दुसऱ्या खोलीत नेले, कारण ओल्यांच्या शेजारी ते तासाभरात दमट होतात. दुसऱ्या रांगेत खालची कड ओली असलेले, साधारण वीस. तिसऱ्या रांगेत पूर्ण भिजलेले पाच.

त्या पाचांना त्या दिवशी वाळवायचंच नाही असं ठरवलं. चिंब अंक नीट वाळवायला प्रत्येकी एका माणसाचा अर्धा दिवस जातो आणि आमच्याकडे माणसं तीन. अशा वेळी डीप फ्रीझर उपयोगी पडतो. त्याच्या उणे अठरा अंशांत अंकातलं पाणी गोठून राहतं, पानं चिकटण्याची क्रिया थांबते, बुरशी थांबते. अंक काही आठवडे तसाच राहू शकतो. यात अंक वाळत नाही, फक्त वेळ मिळतो. पण डेअरीवाल्याचा फ्रीझर वसुबारसेला रिकामा कुठून असणार? तो श्रीखंडाने आणि आइस्क्रीमच्या ऑर्डरींनी भरलेला. शेवटी ग्रंथालयाच्या मागच्या गल्लीतल्या तीन सभासद घरांनी जागा दिली. प्रत्येक अंक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, हवा काढून, तोंड बांधून, पिशवीवर अंकाचं नाव आणि तारीख लिहून, फ्रीझरमध्ये आडवा. घरच्या फ्रीझरमध्ये एका वेळी दोनच द्यायचे, जास्त कोंबले तर गोठायला वेळ लागतो. एका काकूंनी मटारची पाकिटं काढून जागा केली आणि विचारलं, “वास नाही ना लागणार यांना मटारचा?” पिशवी घट्ट असेल तर नाही लागत.

कड ओली असलेल्या वीस अंकांवर दिवस गेला. प्रेसमधून कोऱ्या न्यूजप्रिंटच्या रोलची उरलेली टोकं आणून ठेवलेली असतात, त्याच्या पट्ट्या कापल्या. छापील वर्तमानपत्र इथे अजिबात वापरायचं नाही, ओलाव्याने त्याची शाई अंकाच्या पानांवर उतरते. साध्या पानांच्या भागात दर आठ-दहा पानांनंतर एक पट्टी, कडेच्या बाहेर बोटभर येईल अशी. चकचकीत पानं आली की मात्र प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपर. पट्ट्यांची एकूण जाडी अंकाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाहून वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर पाठ तडकते. मग अंक कोरड्या कडेवर, पंख्यासारखी पानं पसरून, पुठ्ठ्यावर उभे केले. छताचे पंखे मध्यम वेगावर, टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून, म्हणजे हवा फिरते पण पानांवर आदळत नाही. दोन-दोन तासांनी पट्ट्या बदलल्या. ऊन नको, केस वाळवायचं यंत्र नको आणि इस्त्री तर नकोच. हे सगळं कोणी ना कोणी प्रेमाने सुचवतंच. जलद वाळलेला कागद वाकडा होतो आणि पाठीचा डिंक सुटतो.

अंक वाळला की नाही हे बोटाला कळत नाही. गालाला कळतं. पान गालाला लावल्यावर गार लागलं तर आत ओल आहे. गारवा गेला की पट्ट्या काढून अंक दोन फळ्यांमध्ये, वर जाड शब्दकोशांचं वजन ठेवून रात्रभर दाबायचा. दुपारी चारपर्यंत त्या वीसपैकी नऊ अंक फळ्यांखाली गेले. ज्यांना मध्ये स्टेपल होत्या त्या काढून टाकल्या, कारण ओल्या पिना चार दिवसांत गंजतात आणि गंजाचा डाग कागद खातो.

इकडे कोरड्या अंकांची नेहमीची तयारीही चालू होती, ती ओल्यांपायी सोडता येत नाही. प्रत्येक अंकाचे फॉर्मे, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचे जुडगे, मोजायचे. सोळा पानांचा एखादा फॉर्मा दोनदा लागलेला किंवा गळालेला असतो, आणि तो आठवड्यात कळवला तरच वितरक अंक बदलून देतो. शिक्का पहिल्या पानावर आणि ठरलेल्या आतल्या पानावर. नुसत्या डिंकावर चिकटवलेला जाड अंक चौथ्या-पाचव्या वाचकाकडे पानं सोडायला लागतो. म्हणून आम्ही तो आधीच शिवतो: पाठीपासून पाच मिलिमीटर आत टोच्याने तीन भोकं, मेण लावलेला दोरा, आणि पाठीवर कापडी पट्टी. आतला समास बारा मिलिमीटरहून कमी असेल तर मात्र शिवायचं नाही, वाचताना ओळी शिवणीत जातात. अशा अंकाला फक्त पट्टी. सेलोटेप कुठेही नाही. ती वर्षभरात पिवळी पडते आणि तिचा चिकटा शेजारच्या पानाला लागतो. वर पारदर्शक प्लास्टिक, कारण सभासद अंक मुखपृष्ठ बघून निवडतात आणि खाकी कागदाआड गेलेला चांगला अंकही पडून राहतो.

साडेपाचला टेबलांवर मांडलेले अंक यादीपेक्षा पंचविसांनी कमी होते. वाटप पुढे ढकलावं असं एक मत होतं. मला ते पटलं नाही. दिवाळीच्या आठवड्यातले दिवस गेले की प्रत्येक अंकाचा एक वाचक मागे पडतो, आणि तो मागे पडलेला वाचक जानेवारीत येत नाही. आमच्याकडे अंक चार दिवसांसाठी मिळतो, मुदतवाढ नाही, पुन्हा हवा असेल तर पुन्हा रांगेत नाव. दरवर्षी यावर तक्रार होते, अडीचशे पानं चार दिवसांत कशी वाचायची म्हणून. पण वसुबारसेपासून प्रजासत्ताक दिनापर्यंत साधारण ९० दिवस धरले, तर चार दिवसांच्या फेरीने कागदावर बावीस घरं होतात, सुट्ट्या आणि उशीर वजा जाता सोळा-सतरा. सात दिवस दिले तर जेमतेम नऊ. आणि कार्डं हेच सांगतात की बहुतेक जण अंकातल्या तीन-चार कथा, एखादा लेख आणि राशिभविष्य वाचून तो परत आणतात. सात दिवस दिले तर राहिलेले दिवस तो घरच्या शोकेसमध्ये पडतो.

एकेका सभासदाला एका वेळी एकाच अंकाची आरक्षण-चिठ्ठी हाही त्याच हिशोबाचा भाग. तीन चिठ्ठ्या दिल्या की तिन्ही अंक एकदम हाती येतात आणि दोन उशाशी राहतात. त्या संध्याकाळी ओल्या अंकांवर ज्यांच्या पहिल्या चिठ्ठ्या होत्या, त्यांना जागा न गमावता दुसरा कोणताही अंक लगेच निवडू दिला. एका आजींना हवा असलेला अंक नेमका फ्रीझरमध्ये होता. त्यांना तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, मग बर्फ निघाला की मला पहिला दे. तोवर हा देतेस तो वाचते.” त्यांचं नाव चिठ्ठीवर पहिलं राहिलं.

मुलांच्या टेबलावर वेगळी अडचण असते आणि ती पावसाशी संबंधित नाही. इथली बरीच मराठी मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, देवनागरी हिंदीच्या तासाला शिकलेली असते, पण लांब मराठी वाक्य वाचताना अडतात आणि दोन पानांत कंटाळतात. त्यांच्याकडे नुसता बालअंक देऊन चालत नाही. आम्ही जोडीने वाचायला बसवतो, एक परिच्छेद मोठ्याने आजी-आजोबांनी, पुढचा मुलाने. गोष्ट चार पानांच्या आतली, संवाद भरपूर असलेली. गुजरातेत दिवाळीची शाळेची सुट्टी तीन आठवड्यांची असते, त्यात अशा सहा-सात बैठका झालेला मुलगा डिसेंबरात स्वतःहून पुस्तक मागतो. माझ्या मते साऱ्या योजनेत सर्वांत मोलाचं काम हेच आहे, आणि त्याला सर्वांत कमी पैसे लागतात.

दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, मांजलपूरची पेटी निघाली. जुन्या शहरातल्या दांडिया बाजार-रावपुरा भागातून तिकडे उपनगरात राहायला गेलेल्या, आता जिने न उतरणाऱ्या सभासदांसाठी ही सेवा आहे: झाकणाच्या पेटीत बारा अंक, आत यादी आणि सहीचं रजिस्टर, सोसायटीतल्या एका घरी पंधरा दिवस मुक्काम, मग पेटी बदलायची. बडोद्याला ही कल्पना नवी नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि पुढच्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी करायला घेतली. त्या व्यवस्थेत खेड्यांना पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. आमच्या पेटीत या वेळी ओल्या गठ्ठ्यातला एकही अंक घातला नाही, आदल्या रात्री दाबून निघालेलाही नाही. पेटी बंद असते, आत जरा ओल राहिली तर बाराही अंकांना बुरशी लागते.

लाभ पाचमीनंतर फ्रीझरमधले अंक एकेक करून बाहेर काढले. पिशवीतच दोन-तीन तास ठेवून बर्फ जाऊ द्यायचा, मग मुखपृष्ठापासून पान-पान सरकवत बटर पेपर घालायचा. पाचातले तीन पूर्ण बचावले. चौथ्याच्या सुरुवातीच्या जाहिराती आधीच चिकटलेल्या होत्या, त्या कापून काढल्या, मजकूर शाबूत राहिला. पाचवा मात्र सबंध आर्ट पेपरवर छापलेला प्रवास-विशेषांक होता, तो उघडला नाही. त्याची दुसरी प्रत वितरकाने नोव्हेंबरअखेर पाठवली. पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रात आता दोन ओळी वाढल्या आहेत: गोणपाटाच्या आत सीलबंद प्लास्टिक, आणि माल दोन हप्त्यांत, त्यातला पहिला कोजागिरीच्या आत.