पंचायतीपर्यंत आलेले फायबर गावात नेताना

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर भारतनेटची, म्हणजे केंद्र सरकारच्या ग्रामीण इंटरनेट योजनेची, पेटी बसून बराच काळ लोटला होता, तरी आपले सरकार सेवा केंद्राचा चालक दाखल्यांसाठी स्वतःच्या मोबाईलचेच इंटरनेट वापरत होता. सदस्य म्हणून निवडून आल्यावर मी हा विषय मासिक सभेत मांडला आणि पाठपुरावा करण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर केलेल्या आणि २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या योजनेचे मूळ उद्दिष्ट देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत १०० एमबीपीएस क्षमतेची जोडणी पोहोचवण्याचे होते. म्हणजे मोजमाप ग्रामपंचायतीचे होते, घराचे नव्हे. कार्यालयात पेटी बसली की कागदावर काम पूर्ण होत असे. पेटीवरचा दिवा हिरवा आहे की लाल, हे पाहणे नेमके कोणाचे काम, याचे उत्तर मला एकाही कार्यालयात पहिल्या फेरीत मिळाले नाही.

आमचा दिवा लालच होता. फोनवरून केलेल्या तक्रारी, कोणी प्रत्यक्ष न येताच, 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद होत असत. तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने आम्ही सेवा कधी चालू व कधी बंद होती याची नोंदवही ठेवली, प्रत्येक तक्रारीचा क्रमांक तीत उतरवला आणि ठरावासोबत तिची प्रत पंचायत समितीमार्फत वर पाठवली. तोंडी गाऱ्हाण्याला 'बघतो' एवढे उत्तर पुरते. ठराव मात्र आवक नोंदवहीत चढतो आणि त्यावर कोणाला तरी काही लिहावेच लागते. त्यानंतर संयुक्त पाहणी ठरली.

पाहणीला आलेल्या तंत्रज्ञाने आधी पॉवर मीटर, म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश मोजणारे यंत्र, लावला. पेटीपर्यंत प्रकाशच पोहोचत नव्हता, म्हणजे बिघाड वाटेत होता. सुरुवातीच्या आराखड्यात तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली केबल बऱ्याच अंतरापर्यंत जुनीच वापरलेली असते आणि तिथून पुढे पंचायतीपर्यंत नवी टाकलेली असते. हा मार्ग एकेरी असल्याने मध्ये कुठेही तुटला की पुढची सगळी गावे बंद पडतात. फायबरमध्ये प्रकाश सोडून बिघाड शोधणाऱ्या ओटीडीआर यंत्राने तुटलेल्या जागेचे अंतर दाखवले खरे, पण ते केबलच्या लांबीचे असते आणि केबल तर जागोजागी वेटोळे करून जास्तीची ठेवलेली असते, त्यामुळे रस्त्यावर नेमके कुठे खोदायचे हा प्रश्न उरलाच. रुंदीकरणाच्या वेळी जेसीबी कुठे अडखळला होता हे तिथे काम केलेल्या एका मजुराला आठवत होते. मोरीशेजारी त्याने दाखवलेल्या जागी तुटलेली टोके सापडली. स्प्लायसिंग झाले, म्हणजे टोके पुन्हा जोडली गेली, आणि दिवा हिरवा झाला.

तरीही पेटीवरचे इंटरनेट संध्याकाळनंतर आणि सुट्टीच्या दिवशी बंदच असे. कारण अगदी साधे निघाले: कार्यालय बंद करताना शिपाई नियमाप्रमाणे मेन स्विच खाली करत असे आणि पेटीची बॅटरी केव्हाच निकामी झालेली होती. वायरमनकडून पेटीला स्वतंत्र लाइन घेतली आणि नवी बॅटरी बसवली. योजनेच्या खर्चाच्या मानाने हा खर्च अगदीच किरकोळ, पण तो कोणत्या शीर्षाखाली टाकायचा यावर सभेत बराच खल झाला.

घरोघरच्या जोडण्यांसाठी गावातच केबल टीव्हीचा व्यवसाय करणारा तरुण पुढे आला. भारतनेट उद्यमी पद्धतीत स्थानिक व्यावसायिक जोडणी देतो, देखभाल पाहतो आणि मासिक शुल्कातून त्याला वाटा मिळतो. पथदिव्यांच्या खांबांवरून ड्रॉप केबल, म्हणजे घरापर्यंत जाणारी शेवटची केबल, नेण्याची परवानगी पंचायतीने त्याला ठरावाने दिली. शाळा आणि आरोग्य उपकेंद्र आधी जोडायचे, एवढी एकच अट घातली. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे हे काम गावातल्याच व्यावसायिकाकडे देणे, कारण दिवा लाल झाला की आता गावातलाच माणूस, त्याचे स्वतःचे उत्पन्न थांबते म्हणून, लगेच धावतो.

वाड्या-वस्त्यांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात ग्रामपंचायतींना वलयाकार मार्गाने जोडण्याची तरतूद आहे, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहू शकेल. शिवाय पंचायत मुख्यालयाबाहेरील गावांना मागणीनुसार जोडणी देण्याचेही त्यात म्हटले आहे. त्या आधारे आम्ही वाड्यांसाठी ग्रामसभेचा ठराव, जोडणी घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांची सह्यांसह यादी आणि केबलच्या प्रस्तावित मार्गाचा नकाशा असा प्रस्ताव पाठवला आहे. रस्ता आणि नळयोजनेच्या कंत्राटदारांनी खोदाईपूर्वी पंचायतीला लेखी कळवावे, असा वेगळा ठरावही त्याच सभेत मंजूर करून घेतला आहे.