चार पानांच्या कोपऱ्यावरचा डोंगर

नवीन पनवेलच्या आमच्या गच्चीवरून प्रबळगड दिसतो. पावसाळ्यात रोज सकाळी चहा घेताना मी त्याच्याकडे बघते. इतकी वर्षं बघितलेला, सात-आठ वेळा चढलेला हा डोंगर. त्याच डोंगराच्या माथ्यावर मागच्या ऑगस्टमध्ये मी आणि माझा भाचा पाऊण तास एका झाडाखाली उभे होतो. धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांपुढचं काही दिसेना. मोबाइल भिजलेला, स्क्रीनला बोट लागेना. कडा डावीकडे की उजवीकडे, हे मला सांगता आलं नाही. भाचा फक्त एकदाच म्हणाला, "मावशी, कागदावरचा नकाशा नाही का तुझ्याकडे?" तो नव्हता. धुकं विरळ झाल्यावर उतरलो, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

घरी आल्यावर शोध सुरू केला. भारतीय सर्वेक्षण विभाग 1767 सालचा, मुख्यालय देहरादूनला. 2005च्या नकाशा धोरणात टोपोशीटच्या, म्हणजे डोंगर-दऱ्यांची उंची, ओढे, वाटा दाखवणाऱ्या सरकारी नकाशांच्या, दोन मालिका झाल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरी आपल्यासारख्यांसाठी, तिला ओपन सिरीज म्हणतात. या दुसऱ्या मालिकेचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर नाव नोंदवून पीडीएफमध्ये फुकट मिळतात. हे मला आधी माहीतच नव्हतं. टोपोशीट म्हणजे सरकारी कपाटातली वस्तू, अशीच माझी समजूत होती.

खरी अडचण आली ती कुठलं पान घ्यायचं इथे. गावाच्या नावाने शोधून भागत नाही, क्रमांक लागतो. जुन्या पद्धतीत आपला भाग 47 क्रमांकाच्या मोठ्या चौकटीत येतो. तिचे सोळा तुकडे, प्रत्येकाला एक अक्षर, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा. शेवटचा तुकडा पंधरा मिनिटं बाय पंधरा मिनिटांचा (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग), तेच एक पान. वहीत चौकटी आखून मी माझे डोंगर त्यात बसवले. मलंगगड 47 ई/4 मध्ये. नेरळ 47 ई/8 मध्ये. प्रबळगड 47 एफ/1 मध्ये आणि माथेरान 47 एफ/5 मध्ये. 19 अंश अक्षांश आणि 73 अंश 15 मिनिटं रेखांश या दोन रेषा नेमक्या याच रांगेवर एकमेकींना छेदतात. म्हणजे गच्चीतून दिसणारी माझी डोंगररांग चार पानांच्या कोपऱ्यावर होती! ओपन सिरीजमध्ये हीच पानं ई43बी4, ई43बी8, ई43एच1 आणि ई43एच5 अशी आहेत. हा हिशेब जमायला दोन संध्याकाळी गेल्या, पण त्यानंतर कुठल्याही किल्ल्याचे अक्षांश-रेखांश हातात आले की पान सापडायला मिनिट लागत नाही.

चारही पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन मी बेलापूरला, आर्किटेक्ट लोकांचे प्लॅन छापणाऱ्या एका दुकानात गेले. एक पान नुसत्या नकाशाचंच साधारण 55 सेंटिमीटर उंच भरतं, त्यामुळे मोठ्या कागदावर छापणारं यंत्र, प्लॉटर, हवंच. प्रिंट सुंदर दिसत होत्या. घरी येऊन प्रमाणपट्टीवर, म्हणजे नकाशावर किलोमीटर दाखवणाऱ्या छापील पट्टीवर, फूटपट्टी ठेवली, तर एक किलोमीटर दोन सेंटिमीटर भरायला हवा, तो भरला 1.8. दुकानात कागदाला बसवण्यासाठी नकाशा लहान केला गेला होता. दिसायला फरक कळत नाही, पण दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर धरून मोजलं असतं, तर दहा किलोमीटरची वाट नऊची वाटली असती. पावसाळी दिवसात शेवटचा तो एक किलोमीटर अंधारात पडतो. पुन्हा गेले, 'ॲक्चुअल साइज'वर छापायला सांगितलं, आणि या वेळी दुकानातच फूटपट्टी काढून मोजलं. छापून घेणाऱ्या प्रत्येकाला माझी ही एकच विनंती आहे: पैसे देण्याआधी प्रमाणपट्टी मोजा.

मग कडा कापून, जेवणाच्या टेबलावर चार पानं जोडली. जोड बरोबर बसलाय का हे बघायला नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीने मदत केली. 1907 सालची ही रेल्वे नेरळच्या पानावर सुरू होते आणि माथेरानच्या पानावर संपते, म्हणजे जोड ओलांडल्याशिवाय तिला इलाज नाही. रूळ जुळले, की पानं जुळली. जोडाच्या मधल्या भागाची जाड कागदावर, शंभर टक्के आकारात, ए-थ्री रंगीत लेझर झेरॉक्स काढली. या आकारात जवळपास 15 बाय 21 किलोमीटरचा मुलूख मावतो, मलंगगडापासून प्रबळपर्यंत सगळा. लेझर मुद्दाम घेतली. प्लॉटरच्या प्रिंटवर पाण्याचे दोन थेंब टाकून बघितले, तर शाई पसरली.

त्यानंतरचा महिना मी तो कागद नुसता वाचला. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा दर 20 मीटर उंचीला एक. प्रबळच्या पायथ्यापासून त्या जवळ जवळ येत जातात, मध्येच सैल होतात, पुन्हा एकमेकींना चिकटतात आणि वर माथ्यावर एकदम मोकळ्या होतात. ती मधली सैल जागा म्हणजे माची. लाव्हाच्या थरांनी घडवलेला सह्याद्रीचा हा पायऱ्यांचा आकार पायांना माहीत होता, पण डोळ्यांना पहिल्यांदा दिसला. निळा ओढा बारमाही, काळा कोरडा पडणारा, हे कळल्यावर फेब्रुवारीत पाणी किती न्यायचं याचा अंदाजही घरबसल्या येतो. आणि दोन रेषांच्या मधला पंधरा मीटरचा कातळटप्पा नकाशात अजिबात दिसत नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं.

फेब्रुवारीत भाच्याला घेऊन पुन्हा गेले. होकायंत्र सोबत होतं. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नसल्याने नकाशा सरळ सुईला जुळवता येतो. या वेळी पुढे भाचा होता. प्रबळमाचीवर एका घरी चहाला थांबलो. घरातल्या मामांनी कागद मांडीवर घेतला, बराच वेळ न्याहाळला आणि तुटक रेषेने दाखवलेल्या एका पायवाटेवर बोट ठेवून म्हणाले, "ही वाट आता नाही, ताई. दरड आली तवापासून कुणी जात नाही." पेन्सिलीने मी तिथे फुली मारली. मग त्यांनी दोन ओढ्यांची नावं सांगितली, तीही लिहून घेतली.

त्या खुणा आता टेबलावरच्या मोठ्या जोडकागदावर उतरवते आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत त्यावरून नव्या दोन प्रती काढायच्या आहेत, एक माझ्या सॅकमध्ये आणि एक भाच्याच्या.