पाव घे, पण कुठला?

गोव्यात सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की आतून हाक येते, "पाव घे रे!" घरचा मुलगा असेल तर न विचारता पोया आणि उंडे घेऊन येतो. सुट्टीला आलेला मुंबईचा भाचा मात्र टोपलीपुढे थबकतो. पोया, उंडे, कातरे पाव, काकणं. यातला 'पाव' कुठला? आत जाऊन विचारलं तर ठीक. हुशारी करून स्वतःच ठरवलं, तर पातळ भाजीबरोबर कडक काकणं खायची वेळ येते.

एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम साधनं वापरून स्वतः पार पाडणारा एआय प्रोग्राम, हा असाच भाचा. हुशारीत कमी नाही, पण घरात नवा. त्याला कामासाठी जी साधनं, म्हणजे टूल, देतात, त्यांच्या आतला कोड त्याला सहसा दिसत नाही. दिसतं ते नाव, वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याचा तक्ता. कोणतं टूल उचलायचं आणि त्यात काय भरायचं, हे तो तेवढ्यावरून ठरवतो.

समजा, एखाद्या हॉटेलच्या स्वयंपाकघरासाठी मासळीचा भाव सांगणारं टूल केलं आहे. नाव 'गेट_डेटा', वर्णन 'मासळीची माहिती देते'. लिहिणाऱ्याला हे पुरेसं वाटतं, कारण बाकीचं त्याच्या डोक्यात असतं. आता हेच असं लिहून पाहा. नाव 'मासळी_घाऊक_भाव'. वर्णन: 'दिलेल्या तारखेचा घाऊक बाजारातला भाव सांगते. भाव रुपयांत, दर किलोचा. किरकोळ बाजारात वाट्यावर विकल्या जाणाऱ्या मासळीचा भाव यात नाही. खरेदी नोंदवायची असेल तर हे वापरू नये, मासळी_मागणी वापरावे.' तीन-चार वाक्यं झाली. साध्या टूलला एवढी हवीतच.

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटचं, आणि नेमकं तेच लिहायचं राहतं. टूल काय करतं हे सगळे सांगतात. काय करत नाही, हे क्वचितच कुणी सांगतं. 'मासळी_शोध' आणि 'मासळी_माहिती' अशी दोन जुळी भावंडं शेजारी ठेवली, तर एजंट कधी हे, कधी ते उचलणार. दोन्ही वर्णनं वाचून माणसालाच फरक सांगता येत नसेल, तर वर्णन घासत बसण्यापेक्षा दोन्ही टूल एकत्र करावीत.

रकाने भरताना तर गोव्यात गंमतच आहे. 'विमानतळ: गोवा' एवढं पूर्वी चालून जायचं. 2023च्या जानेवारीत मोपाहून विमानं उडू लागली आणि गोव्याला विमानतळ झाले दोन. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. मोकळी जागा ठेवली की एजंट 'गोवा' लिहून मोकळा होतो आणि पाहुणा मोपाला उतरतो तेव्हा गाडी दाबोळीला उभी असते. म्हणून तिथे हे दोनच पर्याय बांधून द्यावेत, आणि वापरणाऱ्याने नुसतं 'गोवा' म्हटलं तर आधी त्याला विचारावं, असं लिहून ठेवावं. मासळीतही तेच. सुरमई मागणारा आणि इसवण मागणारा एकच मासा मागत असतात. यादीत एक नाव ठेवून दुसरं वर्णनात द्यावं. तारखेचं विचारूच नका. 05-06 म्हणजे पाच जून की सहा मे? 'वर्ष-महिना-दिवस, उदा. 2025-06-05' असा नमुना दिला की वाद मिटतो.

परत काय येतं, हेही सांगावं लागतं. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना मासेमारी बंद. त्या दिवसांत टूलने रिकामी यादी दिली तर एजंट काय समजणार? काही तरी बिघडलं म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारत बसेल, नाही तर बांगड्याचा भाव स्वतःच रचून देईल. 'रिकामी यादी म्हणजे त्या दिवशी आवक नाही. ही चूक नव्हे' एवढं वाक्य पुरतं. आणि खरंच चूक झाली, तर 'एरर 400' असा नुसता चुकीचा आकडा सांगून तोंड फिरवू नये. 'तारीख 2025-06-05 अशी लिहा' म्हटलं की पुढच्या खेपेला तो नीट लिहितो.

काही जण यावर उपाय म्हणून दरडावतात: 'हे टूल अवश्य, प्रत्येक वेळी वापराच!' मग कुणी हुमणाची, म्हणजे माशाच्या कालवणाची, कृती विचारली तरी एजंट आधी बाजारभाव काढतो. उलट टोकाला, पानभर निबंधही नको. सहसा प्रत्येक विनंतीबरोबर सगळी वर्णनं एजंटमागच्या एआय मॉडेलकडे जातात, त्यांचे टोकन, म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे, मोजले जातात, आणि टूल चाळीस झाली की कामाचं वाक्य त्या गर्दीत हरवतं.

वर्णन लिहून झालं की गिऱ्हाइकं विचारतील तसे वीसेक प्रश्न विचारून पाहावेत: 'आज इसवण परवडेल का?', 'उद्याला दहा किलो बांगडे सांगून ठेव'. कोणतं टूल उचललं, रकान्यात काय भरलं, ते वाचावं. चुकलं तर एका वेळी एकच वाक्य बदलावं आणि तेच वीस प्रश्न पुन्हा विचारावेत. दहा किलोंचा प्रश्न मात्र खऱ्या मागणीच्या टूलवर करून पाहू नये. दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो येतो.