गुरुजींची पद्मिनी आणि पस्तीस नंबरचा फॉर्म

गाडी उभी राहायला अकरा महिने लागले आणि तिचे कागद उभे राहायला चौदा. भेटेल तो इंजिनाबद्दल विचारतो, रंग कुठला मारला विचारतो. मी फॉर्म ३५ बद्दल, म्हणजे गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवायच्या फॉर्मबद्दल, बोलायला लागलो की माणसं चहाचा कप ठेवून उठतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७९ ची, नंबर जुना तीन अक्षरी, नोंद सोलापूरचीच. मालक शेजारच्या तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी. गोठ्याच्या कडेला बारा वर्षं उभी होती, टपावर कडबा रचलेला. ५५ हजारांत सौदा ठरला. टेम्पोत चढवताना गुरुजींच्या मंडळींनी बॉनेटला हळदकुंकू लावलं.

कामाचं फार सांगत नाही. खालचा पत्रा कुजला होता, तो अक्कलकोट रोडच्या अण्णांनी कापून नवा घातला. १०८९ सीसीचं इंजिन उघडलं तर आत फारसं काही झालंच नव्हतं. रिंगा, गॅस्केट, क्लच प्लेट यांवर भागलं. पार्ट मिळतील का ही धास्ती फुकट गेली. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला वयोमर्यादा संपून रस्त्यावरून गेली, पण त्या टॅक्सींवर हात बसलेले मेकॅनिक आणि त्यांच्याकडचा माल अजून आहे. स्टीअरिंगजवळच्या गिअर दांड्याचे बुश मला तिथूनच आले. रेक्झिन येईपर्यंत सीटवर सोलापुरी चादर टाकली होती, ती आता काढवत नाही.

मग गाडी नावावर करायला आरटीओत गेलो. फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म २५, सगळं नीट लावून नेलं होतं. खिडकीवरच्या बाईंनी गाडीचं नोंदणी पुस्तक उलटसुलट केलं, एक पान उजेडाकडे धरलं आणि म्हणाल्या, "यावर बोजा आहे की हो."

जांभळ्या शाईचा पुसट शिक्का. मी तो वर्षभर बघत होतो आणि मला वाटत होतं, असेल काहीतरी टॅक्सचं. गुरुजींनी १९८३ मध्ये गाडी घेताना एका पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. फेडलं १९८७ मध्ये. बोजा उतरवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आता फॉर्म ३५ हवा, दोन प्रतींत, कर्ज देणाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी. बाईंचं काही चुकलं नव्हतं. नियम तोच आहे.

पतसंस्थेच्या पत्त्यावर मोबाईलचं दुकान निघालं. पोरगं चांगलं होतं, पाणी दिलं, म्हणालं, "काका, ते तर कधीच बुडाले." म्हणजे संस्था अवसायनात गेलेली आणि तिचा हिशेब मिटवायला अवसायक नेमलेला. अशा गृहस्थाकडे एकाच वेळी कितीतरी मेलेल्या संस्था असतात हे मला तेव्हा कळलं. मंगळवारी बसतात म्हणून मंगळवारी गेलो, तर वसुलीला गेलेले. गुरुवारी गेलो, तर मीटिंग. शेडमध्ये गाडी चकचकीत उभी आणि मी एसटीच्या खिडकीत, मांडीवर फाइल! नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही, एवढं शहाणपण होतं.

पाचव्या खेपेला अवसायक भेटले. माझं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "८३ ची खातेवही वाळवीनं खाल्ली. कर्ज फिटलं हे मी कशावरून लिहू?" मी म्हणालो, थकबाकीदारांच्या यादीत नाव नाही ना? ते म्हणाले, "यादीत नाही म्हणजे फेडलं असं नसतं." त्या क्षणी या माणसाचा इतका राग आला की बाहेर येऊन रसवंतीत सलग दोन ग्लास प्यायलो. तरी त्यांचंच बरोबर होतं, हे आता लिहिताना जड जातंय.

मधे एका एजंटानं युक्ती सांगितली: पुस्तक हरवलं म्हणायचं आणि डुप्लिकेट काढायचं. करू नका. बोजाची नोंद कार्यालयाच्या रजिस्टरलाही असते, ती नव्या पुस्तकावर तशीच उतरते आणि वर पोलिसांकडे खोटं लिहून दिल्याचं लफडं.

वाट गुरुजींनीच काढली. हप्ता पगारातून कापला जायचा हे त्यांना आठवलं. ८२ वर्षांचा माणूस माझ्याबरोबर रिक्षानं शाळेत आला. शिपायानं माळ्यावरून पगारपत्रकांचे गठ्ठे काढले. प्रत्येक महिन्याच्या पानावर 'पतसंस्था कपात' असा रकाना आणि त्यात १८० रुपये. मार्च १९८७ ला १८०, एप्रिलला आडवी रेघ. गुरुजींनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मुख्याध्यापकांनी सगळ्या पानांच्या साक्षांकित प्रती दिल्या, त्यावर अवसायकांनी बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा, लिहिला, फॉर्म ३५ वर सही केली.

एवढं करून परत एक खेप पडलीच. फॉर्मवरचा शिक्का पतसंस्थेचा नव्हता, अवसायकाचा होता, म्हणून आरटीओनं त्यांच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत मागितली. ती त्याच दिवशी घेतली असती तर १४० किलोमीटर वाचले असते. तुम्ही घ्या.

बोजा उतरल्यावर बाकीचं सटासट झालं. तेव्हा नूतनीकरणाला ५,००० लागले. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या मोटारीला १०,००० झालेत. उशीर केला असेल तर महिन्याला ५०० जादा, शिवाय पेट्रोल मोटारीला पाच वर्षांचा पर्यावरण कर, तो तेव्हा ३,००० होता. पीयूसीला इतक्या जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. आमचा जास्त येत होता, अण्णांनी कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवला आणि बसला.

आरटीओची तपासणी मे महिन्यात. रांगेत गाडी गचके खाऊन बंद. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटून असतो, सोलापूरच्या उन्हात आत पेट्रोलची वाफ धरते. पंपावर ओला पंचा गुंडाळला, दहा मिनिटांनी चालू. उन्हाळ्यात डिकीत पाण्याचा कॅन ठेवाच. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: रंगाला देण्यापूर्वी चासी नंबरवर टेप लावा. आमच्या पोरानं त्यावर पुट्टी ओढली होती, पेन्सिलीनं छाप घ्यायची म्हणून अर्धा दिवस घासत बसलो.

"व्हिंटेज नंबर का नाही घेतला?" असं बरेच जण विचारतात. २०२१ च्या नियमात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात, माझ्या गाडीची भरलेली नाहीत. शिवाय नवीन व्हिंटेज नोंदणीला २०,००० आणि रोजच्या वापराला बंदी. मला तर रविवारी सकाळी सिद्धेश्वर तलावापर्यंत जायचं असतं.

गेल्या महिन्यात कलबुर्गीहून एकाचा फोन आला. गाडी कशी आहे ते विचारलंच नाही, पहिला प्रश्न, "बुक क्लिअर है क्या?" जाणकार होता. किंमतही बरी देत होता. परराज्यात द्यायची तर फॉर्म २८ भरून ना हरकत काढावी लागेल, म्हणजे पुन्हा ती खिडकी. मी म्हणालो, विकायची नाही.